राधानगरीच्या रस्त्याला आम्ही मुलगी बघायला गेलो

ठरलं ते आमच्या हॉकीवेड्यांच्या ग्रुपवर. महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाचे आम्ही चाहते. संघाचं नाव लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते वाचताना कळेलच. यंदाच्या लिलावात संघाने तीन नव्या मुली घेतल्या: झारखंडची गोलरक्षक, हरियाणाची फॉरवर्ड आणि कोल्हापूर जिल्ह्यातली एक बचावपटू, जी पेनल्टी कॉर्नरही मारते. तिला मी इथे स्नेहल म्हणते. मराठी मुलगी संघात आली म्हटल्यावर ग्रुपला जो ऊत आला तो विचारू नका. तिचा एक फोटो फिरला, एक छोटासा व्हिडिओ फिरला, आणि तेवढ्या भांडवलावर तिचं पुढचं सगळं करिअर आम्ही ठरवून टाकलं.

ग्रुपवरच्या एकाची सासुरवाडी तिच्या गावाजवळ आहे. त्याने तिच्या वडिलांचा नंबर दिला आणि सांगितलं, "घरचे कसेबसे तयार झालेत. सोमवारी तिला शिबिरात हजर व्हायचंय. त्याआधी जाऊन कौतुक करून या, त्यांनाही बरं वाटेल." फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी गोड बोलते असा ग्रुपचा समज आहे. फोन उचलला तिच्या थोरल्या चुलत्यांनी. घरात त्यांना आबा म्हणतात.

"नमस्कार, पुण्याहून बोलतेय. रविवारी तुमच्या स्नेहलला बघायला यायचं म्हणतोय."

पलीकडे आबांनी कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितला. मग, "किती जण पावणं?"

"तिघं. मी, नितीन आणि देशपांडेकाका."

"पोरीचं कुणाकडनं कळलं?"

"ग्रुपवर फोटो आला होता. सगळ्यांना फार आवडली."

"या की मग. जेवूनच जावा."

मी फोन ठेवला आणि कोल्हापूरच्या माणसांच्या मोठ्या मनाविषयी ग्रुपवर चार ओळी टाकल्या. वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या नाही आलं.

शनिवारी पहाटे निघालो. गाडी नितीनची. तो आयटीतला, सडाफटिंग, आणि कुठल्या मुलीने किती कॉर्नर मारले हे त्याला तोंडपाठ. देशपांडेकाका बँकेतून निवृत्त झालेले, कॉलेजात हॉकी खेळलेले, आणि त्यानंतर कुणी नीट हॉकी खेळलंच नाही असं मानणारे. तुम्ही जाणार असाल तर फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, आणि साताऱ्याच्या पुढे रस्त्याची कामं चालू आहेत तेव्हा नेहमीच्या वेळात तासभर जास्तीचा धरा. वळणरस्त्यांच्या पाट्या अगदी तोंडावर आल्यावर दिसतात. कराडच्या अलीकडे चहा घेतला, तो न घेतला तरी चालेल.

कोल्हापुरात पोहोचून आधी मिसळ. मालकाने कुठून आलात विचारलं. हॉकीसाठी आलोय म्हटल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं.

"हाकी? पावणं, कोल्हापुरात येऊन हाकी बघताय व्हय? फुटबॉल बघा की."

"इथली एक मुलगी मोठ्या संघात गेलीय," मी म्हटलं.

"आमची? मग बघून या," तो म्हणाला आणि कटाची वाटी न मागता भरून दिली.

मुक्काम राजारामपुरीत एका लॉजवर केला. स्वच्छ आहे, पण खाली क्लासेस आहेत, त्यामुळे दुचाक्यांच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधावी लागते. संध्याकाळी जवळच्या खानावळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासोबत तिन्ही मुलींची चिरफाड झाली. गोलरक्षकाचे पाय मंद. फॉरवर्ड चांगली, पण डोक्यात हवा आहे म्हणे. स्नेहलवर काका म्हणाले, "मनगट आहे. बांधा बघायला पाहिजे." नितीन म्हणाला, "काही असो, आपल्याला स्वस्तात मिळाली." मी हसले. रस्सा खरंच चांगला होता, मी दोनदा मागून घेतला.

रविवारी सकाळी राधानगरीच्या रस्त्याला लागलो. सध्या ऊसतोडणी चालू आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात, ओव्हरटेकची घाई करू नका. वाटेत एका गुऱ्हाळावर थांबून गरम गूळ खाल्ला, थोडा बांधूनही घेतला. भाताची कापणी झालेली, लांब डोंगर, हवेत गारवा. असं वाटत होतं की आपण काहीतरी चांगलं काम करायला निघालोय.

घरासमोर रांगोळी होती. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, शेजारची माणसं कठड्यावर टेकलेली. आबांनी नवी टोपी घातली होती. त्यांनी नितीनला हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं आणि चौकशी सुरू केली. कंपनी कुठली, शनिवार-रविवार सुट्टी असते का, घर स्वतःचं की भाड्याचं. नितीन खुशीत सगळं सांगत होता. स्नेहलचे वडील एका बाजूला हात जोडून बसले होते. मला वाटलं, संघाच्या चाहत्यांना इथे केवढा मान आहे. मला ते आवडलंही, हे कबूल करायला हवं.

मग स्नेहल पोह्यांचा ट्रे घेऊन आली. साडीत होती, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला. मी स्वतः लग्नाआधी अशीच पोह्यांच्या बशा घेऊन परक्या माणसांपुढे उभी राहिले आहे. तरी मला कळलं नाही. मला वाटलं, आपल्यासाठी मुद्दाम नटली पोर.

"उंची किती?" नितीनने विचारलं. आबांनी अभिमानाने सांगितली.

"व्हिडिओत जास्त वाटली होती," काका म्हणाले.

"गुडघ्याला वगैरे काही जुनं दुखणं?" नितीनने विचारलं.

"आंगाला कसली खोड न्हाय पोरीच्या," आबा म्हणाले.

"जरा चालून दाखव बाळ. तिकडून इकडे ये. हां. खांदे छान आहेत. वजन मात्र कमी करावं लागेल," काका म्हणाले.

मग मी बोलले. मी म्हणाले, "होईल हो काका, एक-दोन वर्षांत तयार होईल. चेहऱ्यावरून समजूतदार दिसते." आणि नितीन माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाव बघता काहीच वाईट नाही."

स्नेहलच्या वडिलांनी मान वर केली. वातावरण जरा अवघडलं असं वाटून मी पिशवी पुढे केली. त्यात तिच्यासाठी संघाची जर्सी आणली होती. तिच्या आईने पदर सावरून दोन्ही हातांनी पिशवी घेतली, कपाळाला लावली. मुलगी पसंत पडली की साडी देतात, तशी. मग तिने जर्सी बाहेर काढली आणि ती काय आहे हे न कळून आबांकडे पाहिलं.

"ह्ये काय?" आबांनी विचारलं.

"संघाची जर्सी. मागे तिचं नाव घातलंय. आम्ही त्या संघाचे चाहते."

"चाहते म्हंजी? ह्यो मुलगा न्हवं?"

नितीनच्या हातातला चमचा बशीत पडला. कठड्यावरच्या बायांपैकी एक जण फिसकन हसली आणि तिला दुसरीने गप्प केलं. पायाखालची जमीन सरकणं मी आजवर नुसतं लिहीत आले होते.

पुढचं तिच्या वडिलांकडून कळलं. ते अगदी हळू बोलत होते. "ताई, तुमचा फोन आला तसं आबा म्हणलं, पुण्याचं स्थळ हाय, पोरीला आता शिबिराला कशाला धाडायची. मी परवा तिच्या कोचबाईंना न्हाय म्हणून कळवलं की ओ." आबा उठून गोठ्याकडे निघून गेले. त्यांनी पै-पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, दुपारी माणसं यायची होती.

मी स्नेहलजवळ गेले, माफी मागायला लागले. चुकून बोलले, खेळ बघायला म्हणायचं होतं, असं काहीतरी. तिने ऐकून घेतलं. ट्रे अजून तिच्या हातात होता.

"याआधी खरं पावणं येऊन गेलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. "त्यांनी बस तरी म्हणलंतं, ताई."

अंगणात रिकामी खुर्ची होती, माझ्या शेजारीच. एवढा वेळ आम्ही तिला उभी ठेवून तिच्याविषयी बोलत होतो, आणि 'चालून दाखव' यापलीकडे तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. उंचीसुद्धा आबांना विचारली. चूक फोनवरच्या एका शब्दाची आहे अशी माझी समजूत होती, ती तिथेच संपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या वडिलांकडून नंबर घेऊन मी कोचबाईंना फोन लावला. त्या चिडलेल्या होत्या, पण त्यांनी ऐकून घेतलं. तिची जागा राखीव मुलीला दिली होती. येऊ दे म्हणाल्या, पण आता ती राखीवमध्ये धरली जाईल, आणि घरच्यांनी स्वतः कळवायला हवं. वडील गोठ्याकडे आबांशी बोलायला गेले. ते काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा हक्कही नव्हता.

आम्ही निघतो म्हटलं तर तिची आई दारात उभी राहिली. "जेवाण केलंय. उपाशी जाऊ नगासा." मटण होतं, खास आमच्यासाठी केलेलं. आम्ही माना खाली घालून जेवलो. स्नेहलनेच वाढलं, जर्सी घालून नाही आणि साडीतही नाही, साध्या पंजाबी ड्रेसवर.

परतीच्या वाटेत नृसिंहवाडीला जायचं ठरलं होतं. कुणीच विषय काढला नाही. नितीनने गाडी सरळ पुण्याच्या रस्त्याला लावली, ती कराडला थांबवली. मग काका म्हणाले, "माझ्या मुलीला कुणी असं चालायला लावलं असतं तर मी हाकलून दिलं असतं." घरी आले तेव्हा ग्रुपवर मेसेज साचले होते: कशी आहे, बांधा कसा आहे, रिपोर्ट टाक. मी सगळं पुसून टाकलं आणि झोपले.

स्नेहल शिबिराला गेली, पण उशिरा. आबांना तयार व्हायला वेळ लागला. लीग सुरू झाली तेव्हा ती बाकावर होती, आणि आमच्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'शिबिराला उशिरा आली म्हणे. शिस्तच नाही पोरीला.' खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा अशा माणसाचा होता, ज्याने तो व्हिडिओ पहिल्यांदा टाकून तिला वाघीण म्हटलं होतं. मी आणि नितीन दोघांनीही ते वाचलं आणि त्या दिवशी गप्प राहिलो. अंगणातल्यापेक्षा त्याची लाज मला जास्त वाटते. म्हणून हे इथे लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं: ती आळसाने उशिरा आली नाही, आम्ही तिला अडवलं.

लिहिण्याआधी तिला फोन करून विचारलं.

"लिवा की," ती म्हणाली. "गावाचं नाव तेवढं घालू नगासा. आबाला लोक बोलतील."

मी बरं म्हटलं. मग राहवलं नाही, विचारलं, "स्नेहल, माझ्यावर राग आहे का गं अजून?"

"हाय की," ती म्हणाली, आणि सराव सुरू होतोय म्हणून तिने फोन ठेवला.