मोतीच्या गोठ्यातला टॉर्च

फोन आला तेव्हा मी जपानात, कावासाकी शहरातल्या माझ्या ऑफिसात होतो. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या पशुसंशोधन केंद्रातले मोरीसान बोलत होते. "सुनंदासान गोठ्यात कोसळल्या," एवढंच म्हणाले. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. सकाळी "आज कचरा तू टाक हं" असं बजावून ती स्टेशनकडे पळाली होती. रात्री घरी आलो, तर पिशवी दारातच होती. नेहमीसारखा विसरलो होतो. ती पिशवी पाहून मी पहिल्यांदा रडलो.

मांसासाठी वाढवलेल्या काळ्या बैलांना कोणता खुराक द्यावा, हा तिचा विषय. जन्मात अंडं न खाल्लेली ही पुण्याची बाई खाटकाच्या काचेपुढे उभी राहून मांसातली चरबीची जाळी कशी दाट आहे, हे मला रंगवून सांगायची. दुकानदार आशेने बघत राहायचा आणि आम्ही टोफू घेऊन घरी यायचो! त्या जाळीवर मांसाचा दर्जा ठरतो. खुराकातलं अ जीवनसत्त्व कमी केलं की जाळी दाट होते, पण फारच कमी झालं तर जनावराची नजर जाते. ते किती उतरवायचं आणि पूरक मात्रा पुन्हा केव्हा सुरू करायची, यातच तिचा जीव अडकलेला असायचा.

शेवटच्या हिवाळ्यात तो मोती नावाच्या एका बैलात अडकला. हे नाव अर्थात तिनेच ठेवलेलं. रोज सकाळी ती त्याच्या डोळ्यावर टॉर्च धरायची, आणि बाहुली आकसायला वेळ लागू लागला होता. मात्रा आत्ताच द्या, असं ती म्हणत होती. प्रयोग पुरा होऊ दे, असं बाकीचे. घरी जेवणही धड जाईना. शेवटी मी म्हणालो, "अगं, कशाला एवढा त्रास करून घेतेस? तो जायचाच आहे."

"जायचाच आहे रे," ती म्हणाली, "पण गाडीत चढताना पायाखालची फळी तरी दिसू दे ना त्याला."



परवा तिचं सामान आणायला गेलो. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोतीला मात्रा सुरू केली, असं मोरीसान म्हणाले. मांसाचा दर्जा थोडा उतरला तर उतरू दे, असंही म्हणाले. गोठ्यातल्या खिळ्यावर तिचा टॉर्च होता. तो त्यांनी मोतीच्या डोळ्यावर धरला. बाहुली झटकन आकसली. मग मोतीने मान लांब केली आणि उजेडाच्या मागे कोण आहे ते पाहिलं. मोरीसानना पाहिलं, मला पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

मला तिथेच हुंदका फुटला. मोरीसान पाठ करून उभे राहिले. निघताना त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. उजेड पिवळा पडला होता. मी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, नवे सेल आणले, आत घातले आणि टॉर्च पुन्हा त्याच खिळ्यावर अडकवला.

"मोती जाईपर्यंत इथेच असू दे," मी म्हणालो.