घोलवडचा पत्ता

२०१४ साली मी डहाणू रोडला एका वकीलबाईंकडे टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती मॅडमच्या गप्प बसण्याची. त्या ओरडत नसत. टाइप केलेला कागद वाचायच्या, एखाद्या ओळीखाली पेन्सिलने बारीक रेघ मारायच्या आणि माझ्याकडे सरकवायच्या. काय चुकलं ते मी शोधायचं. एकदा 'अर्जदार'च्या जागी 'सामनेवाला' पडला होता, म्हणजे नवऱ्याने बायकोला नव्हे, बायकोने नवऱ्याला मारल्यासारखं झालं होतं. पुन्हा सगळं पान.

आमचं घर कासाजवळच्या एका पाड्यावर. बाबांची थोडी भातशेती आणि गवताचा माळ. पावसाळा संपला की गवत कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे, मग ट्रक येऊन ते तबेल्यांकडे घेऊन जायचा. घरातल्या कुणी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. पाड्यावर कोर्टाचा कागद आला म्हणजे आता काहीतरी हातचं जाणार, एवढंच लोकांना ठाऊक. मीही तेच ऐकत वाढले होते, आणि आता रोज जीपने डहाणूला जाऊन तसलेच कागद तयार करत होते.

शिकत गेले. वकीलपत्रावर सही कुठे घ्यायची, कोणत्या कागदाला कोर्ट फीचं तिकीट लावायचं, तारखा डायरीत कशा चढवायच्या. कोर्टात कागद दाखल करायला पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा खिडकीपर्यंत पोचून परत फिरले होते. पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले, काय बोलायचं ते मनात घोकलं आणि मग पुन्हा गेले. कारकुनाने वर न बघताच शिक्का मारला.

हळूहळू पक्षकार आले की मॅडम मलाही आत बसवू लागल्या. गावाकडच्या बायका त्यांच्यासमोर अवघडून बसायच्या, विचारलं तेवढंच सांगायच्या. माझ्याशी मात्र पाड्यावरच्या बोलीत बोलायच्या. मी ऐकायचे आणि नंतर ते कोर्टाच्या मराठीत मांडायचे. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. पगारपत्रकावर मी टायपिस्टच होते, पण एक दिवस मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "माझ्या सेक्रेटरीशी बोलून घ्या." मी शेजारी फाइल लावत होते. घरी जाऊन आईला तो शब्द सांगितला, आणि त्याचा अर्थही.

त्यानंतर ती बाई आली. माझ्याहून लहानच असेल. सासर तलासरीकडचं, सासऱ्याचे ट्रक चालायचे, भागात वजन होतं. नवऱ्याने हात मोडला होता आणि तो वाकडाच जुळला होता. बरोबर छोटी मुलगी. मॅडमनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती "हो" म्हणत होती. मॅडम कोर्टात गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन बसली आणि मग सगळं सांगितलं. सासरचं घर सोडून ती घोलवडला एका चिकूच्या वाडीत राहत होती. तिथे फळं निवडून खोक्यात भरायचं काम. वाडीतल्या एका म्हाताऱ्या कामगारणीने आपल्या खोलीत दोघींना जागा दिली होती.

"त्यांना कळलं तर पोरीला उचलून नेतील," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे."

अर्ज तयार करताना पत्त्याच्या जागी मॅडमनी आपल्या ऑफिसचा पत्ता घालायला सांगितला. मग दार लोटून घेतलं.

"ती कुठे राहते हे मला माहीत आहे आणि तुला. हे कागदावर यायचं नाही आणि तोंडातूनही जायचं नाही. घरी आईजवळसुद्धा नाही. कळलं?"

मी मान हलवली. तोवर कपाटाला कुलूप लावलं की मला वाटायचं, आपलं काम संपलं. ही गोष्ट कपाटात ठेवता येणारी नव्हती.

सासरी नोटीस पोचली. त्यानंतर एका सकाळी मी जीपमध्ये बसले होते. चारोटीला एक गृहस्थ चढले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. माझ्याशेजारच्या माणसाला त्यांनी नुसतं बघितलं आणि तो मागे सरकला.

"बेन, तू त्या वकीलबाईंकडे असतेस ना?"

मी ओळखलं, हे तिचे सासरे. ऑफिसबाहेर त्यांना एकदा लांबून पाहिलं होतं.

"तुझ्या बापाला मी ओळखतो," ते म्हणाले. "त्याचं गवत माझ्याच गाडीतून जातं. सरळ माणूस आहे. मला काही नको, नातीला बघायचंय फक्त. कुठे ठेवलीय तिला?"

"मला माहीत नाही."

"नसेल माहीत. विचारून ठेव. रोज याच जीपने जातेस ना?"

आवाज अगदी मऊ होता. आशागडला ते उतरले, जाताना ड्रायव्हरला माझंही भाडं देऊन गेले. भर जीपमध्ये कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर मी जीप सोडून एसटीने जाऊ लागले. एसटी चुकली की उन्हात उभी राहायचे, पण जीपला हात करायचे नाही. ते रोज दिसत नसत, आणि त्यानेच जास्त हैराण झाले. प्रत्येक पांढऱ्या शर्टाला दचकायचे. डहाणू रोड स्टेशनबाहेर चिकूची खोकी रचलेली दिसली की मान दुसरीकडे वळवायचे. वाटायचं, आपण तिकडे बघितलं तरी कुणाला तरी कळेल. घोलवड हा शब्द मी बोलण्यातून टाकूनच दिला. एकदा बाजारात चिकूवाल्याने "घोलवडचा माल आहे, ताई" म्हटलं, तर मी भाव न विचारताच पुढे निघाले.

ऑफिसातही चुका वाढल्या. पेन्सिलच्या रेघा पुन्हा दिसू लागल्या. मॅडम काही बोलत नव्हत्या, मीही सांगत नव्हते. सांगितलं तर त्या म्हणतील, ही कामाची नाही. आणि बाबांना कळलं तर नोकरी सोडायला लावतील. दोन्हीकडून नोकरीच जाणार होती.

त्या वर्षी गवत कापून बांधून तयार झालं आणि ट्रक आला नाही. बाबांनी निरोपावर निरोप पाठवले. शेवटी त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"पोरी, तो काय विचारतोय तुला?"

म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"एका बाईचा पत्ता."

"मग सांगून टाक. नातीलाच बघायचंय म्हणतो. आजा आहे तो."

"मला माहीत नाही, बाबा."

बाबांना माझं खोटं लगेच कळायचं. "बरं," म्हणाले, आणि गठ्ठ्यांवर ताडपत्री ओढायला गेले. मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मी काम सोडते. कारण विचारल्यावर रडूच फुटलं. सगळं सांगितलं. जीप, भाडं, गवत, बाबा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतके दिवस एकटीने घेऊन फिरलीस?"

"तुम्हाला वाटेल मी भित्री आहे."

"अगं, मलाही भीती वाटते. माझ्या दाराशी त्याची माणसं उभी राहून गेलीत. पत्ता सांगितलास का?"

"नाही."

"मग बस. टाइप कर."

त्यांनी मला अर्जातलीच एक ओळ दाखवली. असले अर्ज मी कितीदा टाइप केले होते. कोर्टाने मनाईचा हुकूम द्यावा, पीडित महिलेला आणि तिला मदत करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला त्रास देऊ नये. 'मदत करणारी व्यक्ती' हे शब्द माझी बोटं न बघता उमटवायची. त्यात मी येते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग मी माझंच प्रतिज्ञापत्र टाइप केलं. 'मी, खाली सही करणार', आणि पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, पाड्याचं नाव. दुसऱ्यांची नावं घालताना कधी काही वाटलं नव्हतं. आपलं घालताना हात थांबला. हा कागद त्यांच्या वकिलाच्या हातात जाणार, ते वाचणार. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी सही केली.

तारखेला ते समोरच्या बाकावर बसले होते, तोच पांढरा शर्ट. मुलगा त्यांच्या मागे. त्यांचे वकील म्हणाले, आजोबांनी नातीची चौकशी केली, यात धमकी कसली? न्यायाधीशांनी मला विचारलं, "नक्की काय शब्द बोलले ते?"

मी कठड्याला धरलं. मग सांगितलं, जसं ते बोलले होते तसं, बाबांच्या गवतासकट, भाड्यासकट. रोज याच जीपने जातेस ना, हे सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. न्यायाधीशांनी ते शब्द कारकुनाला हळूहळू सांगितले आणि समोरच्या मशीनवर ते उतरताना मी ऐकले. घरी जाताना एसटीत मला ताप भरला.

मनाईचा हुकूम झाला. नवऱ्याला मुलीला भेटायचं असेल तर कोर्टाच्या आवारात, ठरलेल्या दिवशी. तो एकदाच आला. गवत खळ्यावर पडून काळं पडू लागलं, तेव्हा बाबांनी वाणगावचा एक गाडीवाला शोधला. त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. फक्त मी पुन्हा जीपने जायला लागले, तेव्हा काही दिवस बाबा रस्त्यापर्यंत यायचे आणि जीपमध्ये कोण बसलंय ते वाकून बघायचे.

पुढे अर्जांचे कच्चे मसुदे मीच करू लागले. मॅडमना जिल्ह्याच्या कोर्टात जावं लागलं की इथलं ऑफिस माझ्यावर असायचं. २०१८ संपता संपता तलासरीकडे जमिनीला हादरे बसू लागले. भांडी खडखडायची, भिंतींना तडे गेले, लोक घराबाहेर मंडपात झोपत होते. ऑफिसात आम्ही दार उघडं ठेवून काम करायचो. अशाच एका दुपारी, मॅडम कोर्टात असताना, दारात तेच सासरे उभे राहिले.

मी खुर्चीतून उठले. पळायचं म्हटलं तर दार त्यांच्याच मागे होतं.

ते आत आले नाहीत. म्हातारे दिसत होते, दाढी वाढलेली. "आमची मागची भिंत पडली," ते म्हणाले. "पोरगी बरी आहे ना? एवढंच सांग. कुठे आहे ते नाही विचारत."

मला त्यांच्यावर विश्वास ठेवता येईना. हे खरं असेल, नाहीतर नवी युक्ती असेल. बरी आहे म्हटलं तर तिची आई मला भेटते हे कबूल केल्यासारखं होईल का, जवळच राहते असं त्यांना कळेल का, हे सगळं त्या तेवढ्या वेळात डोक्यातून गेलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले आणि जिना उतरून गेले. मॅडम आल्यावर पहिली गोष्ट तीच सांगितली.

"बरी आहे, एवढंच म्हणालीस?"

"एवढंच."

त्यांनी थोडा विचार केला. "ठीक. आज तिला फोन करून सांग, चार दिवस पोरीला शाळेत सोडायला एकटी जाऊ नकोस म्हणावं." मग काळा कोट खुर्चीवर टाकून त्या पाणी प्यायला गेल्या, आणि मी फोन उचलला.