दिव्याभोवतीची रेघ

मागं वाढवलेल्या स्वयंपाकघरात दिवसभर ऊन येतं, म्हणून आम्ही दोघं उन्हानं न तापणारी, टिकाऊ फरशी निवडायला गेलो. दुकानदारानं चकचकीत टाइल दाखवली. आमची ही चपला काढून उन्हातल्या त्या टाइलवर उभी राहिली आणि लगेच खाली उतरली.

"हिच्यावर काय भाकरी भाजायची का रं बाबा?"

मी म्हटलं, "बरं होईल, गॅस वाचंल."

"तुम्ही गप बसा," म्हणाली, आणि जाड शहाबादी फरशी पसंत केली. मी ती वाजवून घेतली.

घरी आलो. नव्या स्वयंपाकघरात खाली अजून मुरूमच होता. तिथंच भिंतीला टेकून ती चहा प्यायला बसली, आणि कप हातात असतानाच गेली. अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. दगडाला तडा असला तर वाजवून कळतं. शेजारी उभ्या माणसाचं काहीच कसं ऐकू येत नाही?

ती गेली त्या जागी बायकांनी पीठ पसरून दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीचा टेम्पो दारात आला. मेहुणी म्हणाली, "दाजी, परत पाठवा. सुतक आहे."

टेम्पोबरोबर आलेल्या गवंड्याला मी आत नेलं. दिव्याभोवती बोटानं रेघ ओढली.

"एवढी जागा मातीचीच राहू दे. बाकी सगळीकडं बसव."