पाठमोऱ्या आईसाठी एक फोटो

मला नसत्या चौकशा फार. लग्नाचे फोटो काढायला जाते आणि नवरीच्या आधी चुलीपाशी कोण बसलंय, रुसून कोण हिंडतंय, हेच बघत राहते. घरचे म्हणतात, तुझा कॅमेरा पुढं अन् डोकं मागच्या दारात. म्हणू द्या.

चाकूरजवळच्या त्या लग्नात तर मला मोकळं रानच मिळालं. कार्यालय नाही, स्टेज नाही. नवरीचं शेतातलं घर, आंब्यांखाली हिरव्या नेटचा मांडव. भर मे महिना, त्यामुळं नवरदेवाचे दोस्त चक्क शेततळ्यात डुंबत होते आणि फेटेवाला काठावरून बोंबलत होता, "निघा की भाऊ आता, अकरा वाजले!" नवरी मेंदीचे हात वर धरून बाजेवर बसलेली, मैत्रिणी तिला आंबा भरवत होत्या. सगळे खिदळत होते, मीसुद्धा.

नवरीची आई तेवढी हसत नव्हती. तिनं मला खुणेनं मागच्या अंगणात बोलावलं.

"मॅडम, अंतरपाट खाली झाला की माझ्या पोरीच्या तोंडाचा फोटो काढा. नुसतं तोंड. अन् पहिले मला आणून दाखवा."

"का? तुम्ही नसणार तिथं?"

"आमच्यात पोरीच्या आईनं अक्षता बघायच्या नसत्यात. हितं तुळशीला पाणी घालत पाठमोरं उभं ऱ्हायचं."

मला कुठलं राहवतंय! "हे कसलं हो? जिनं जन्म दिला तिनंच पाठ फिरवायची?"

"ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही फोटोचं बघा."

पण मी हलले नाही, तेव्हा त्या आपणहूनच बोलल्या. पोरगी लातूरला बँकेच्या परीक्षेचा क्लास करत होती. मध्येच हे स्थळ आलं. मुलगा चांगला होता, म्हणून आईनं तिला विचारलं.

"हाव म्हणली. पण खाली मान घालून म्हणली. तिच्या खुशीनं म्हणली का माझ्यासाठी, मला आजून कळलं न्हाई. विचारायला गेलं की उठून कामाला लागती. अंतरपाट पडतो त्या टायमाला तोंड खोटं बोलत न्हाई, मॅडम."

बाई गं! इतक्या लग्नांचे फोटो काढले, पण असं काम कुणी सांगितलं नव्हतं.

साडेबाराला गावातल्या दोन गुरुजींनी माइकवर मंगलाष्टकं सुरू केली. ओल्या केसांवर फेटे चढवून दोस्तमंडळी हजर झाली. मी अंतरपाटाच्या कडेला, दोघांचीही तोंडं दिसतील अशी गुडघ्यावर बसले. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरकला, रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता सडासड पडल्या. मी बटणावरचं बोट उचललंच नाही.

मागच्या अंगणाकडं जाता जाता फोटो बघितले. पहिल्यात पोरीचं तोंड पांढरंफटक, जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखं. पुढच्यात कुणा दोस्ताची मूठभर ज्वारी थेट नवरदेवाच्या नाकावर बसली होती, तो सटकन शिंकला होता, आणि पोरगी अशी हसली होती की सगळे दात दिसत होते. मी ठरवून टाकलं, हाच दाखवायचा. पहिला कशाला दाखवायचा?

त्या तुळशीपाशीच होत्या. तांब्या रिकामा झाला होता, तरी हातात तिरका धरलेला. मी हसरा फोटो पुढं केला. त्यांनी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

"हसली गं बाई!" म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. मीही हुश्श केलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

मग त्यांनी नाक पुसलं आणि बोट फोटोवर ठेवलं. "हिच्या खांद्यावर तर ज्वारी पडून गेलीय. ह्याच्या आधीचा दाखवा."

"तो नीट आला नाही हो."

"मॅडम."

मी बटण दाबलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी आपली बडबडत सुटले, ऊन किती होतं, सगळ्याच नवऱ्या घाबरतात, वगैरे. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

"हाव माझ्यासाठीच म्हणली ही," त्या म्हणाल्या. "हसली ती जावयामुळं."

मांडवातून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी तांब्या खाली ठेवला, डोळे पुसले.

"मला दोनी द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या अल्बमात नुसता हसरा लावा."