जहराच्या वाटेवरचं पाणी

मजीद सोलकर चिपळूण बाजार ते गोवळकोट बंदर टांगा हाकायचा. एसटी आली, सवाऱ्या गेल्या, तेव्हा लाल्या घोडा भावाकडे सोपवून तो कुवेतला आला. परत जाऊन पुन्हा टांगा जोडायचा, हे त्याचं ठरलेलं. एसटीपुढे टांग्यात बसणार कोण, असं लोकांनी सांगून पाहिलं. पण ऐकतो कोण!

चौसष्ट साल उजाडलं तरी तो कुवेत शहर ते जहरा गाव बसच चालवत होता. अर्ध्या वाटेवर, थांबा नसताना, रखरखीत वाळवंटात तो रोज बस उभी करी. इंजिनाला जरा दम खाऊ देई, मग रेडिएटरला पाणी पाजून बॉनेटवर थाप मारी.

"मजीदभाय, घोडा प्याला का?" मागून कोणीतरी ओरडे.

"प्याला. आता तुमी गप ऱ्हवा."

त्या दुपारी गावाहून नुकताच आलेला चुलतभाऊ मुस्तफा त्याच्या मागे बसला होता. बस सुटल्यावर तो म्हणाला, "भाय, लाल्या गेला. रमजानच्या आधीच. टांगा तुज्या भावानं फोडून चुलीत घातलान."

"बरं," मजीद म्हणाला.

पाण्याची जागा आली आणि मागे पडली. उतारू एकमेकांकडे बघत राहिले. जहरा दिसू लागलं तोच बॉनेटमधून वाफ उसळली आणि बस बंद पडली. मजीद स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. शेवटी मुस्तफानंच पाण्याचा डबा उचलला.

"ओतू, भाय?"

"आत्ता नको," मजीद समोर बघतच म्हणाला. "धापतोय तो."