पायदळ मावशी

चालताना मावशी कधी पायाकडे बघायची नाही. चिखल असो की गिट्टी, नजर सरळ समोर, अर्जाची पिशवी छातीशी, आणि पायाच्या बोटांमध्ये सरकी काढलेला कापूस. फोड येऊ नयेत म्हणून. कापसाला कोणी विचारत नव्हतं ती वर्षं, घरोघरी पडवीत कापूस पडून असायचा. त्यातला मूठभर उचलून मावशी म्हणायची, "बजारात नाही तं नाही, बोटात तरी कामी येते बाप्पा!" लोक हसायचे. मीही हसायची, आणि मग हसल्याची लाज वाटायची.

आमचं गाव कळंब तालुक्यात, नाल्याच्या पलीकडे. नाल्याला पूर आला की गाव तुटतं, आणि पूल नाही. दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरलं की मावशी पुलाचा अर्ज घेऊन गावातून पायी निघायची. सहा दिवसांची वाट. आमच्याकडे पायी जाण्याला पायदळ म्हणतात, म्हणून ती पायदळ मावशी. राहायची बौद्ध वस्तीत, मजुरी करायची. मी अंगणवाडीची बाई, अक्षर बरं, म्हणून अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायची. "एसटीनं काहून जात नाही?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "एसटीनं गेलं तं गावाले जाणं होते. पायदळ गेलं तं सांगाले जाणं होते."

पुलाचं वेड तिला का लागलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, ऐन वेळी नाल्याला पाणी. बाज काठावर नेऊन ठेवली, आणि पाणी उतरायची वाट बघत बसले सगळे. पाणी उतरलं, पण तोवर लेकही गेली आणि बाळही. पहिल्यांदा अर्ज लिहिताना मी ते लिहायला घेतलं. मावशीनं माझा हातच धरला. "ते नको लिहू वं. ते माहं आहे. नाला गावाचा आहे."

पहिल्या वर्षी तिच्याबरोबर आम्ही तेरा जण होतो. भजी खात, चेष्टा करत गेलो. वर्धा नदीच्या मोठ्या पुलावर मावशी थांबली, कठड्यावरून हात फिरवत वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "एवढा मोठा पूल कराले येते सरकारले. मंग आपला एवढासा नाला काहून दिसत नाही?" पुढं दर वर्षी त्या कठड्यावरून हात फिरवल्याशिवाय ती पुढं सरकायची नाही. आम्ही मात्र कमी होत गेलो. तेराचे आठ झाले, आठाचे चार. अर्जावर शिक्का बसायचा आणि संपलं. लोकांचं तरी काय चुकलं? हातातोंडाची गाठ पडेना, तिथं पूल कोणाला सुचणार?

शेवटच्या वर्षी आम्ही दोघीच निघालो. त्या वर्षी ऐन हिवाळ्यात पावसानं धरलं. बोंडं फुटलेली, कापूस झाडावरच भिजून काळा पडलेला, आणि जो तो उरलंसुरलं वेचायला वावरात. आमच्या डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी, अंगात हुडहुडी. मावशी झाडाखालीसुद्धा थांबू द्यायची नाही. "थांबलं का पाय जड होते," हे तिचं पालुपद. मी दिवसभर तिच्यावर कुरकुरत चालायची. एकदा तर म्हणाले, "मावशी, तुमी माणूस आहा का बैल?" ती म्हणाली, "बैल असती तं सावकाश चालली असती."

वर्धा सोडून पुढं आलो आणि मला सणकून ताप भरला. सेलू दहा किलोमीटर राहिलं होतं. एक भाजीचा टेम्पो थांबला. मावशी चढेना. मी रस्त्यातच फतकल मारलं. "तुमी चढला नाही तं मी इथंच मरतो!" मरणाचं नाव घ्यायला नको होतं, तिच्यासमोर तर नकोच. ती चढली. सेलूपर्यंत मागं पडणारा रस्ता बघत बसली.

तिथं एका ओळखीच्या घरी मला गोधडीत घातलं. सकाळी उठून बघते तर मावशी खोळ पांघरून दारात उभी. "मी जाऊन येतो. जिथून बसलो, तिथून चालत येतो."

"अवो मावशी, दहा किलोमीटरनं काय बिघडते? कोण पाह्यते?"

"म्या पाह्यलं ना."

वाहनानं मागं गेली आणि तेवढाच रस्ता पावसात चालत आली. सेलूला पोचायला तिला दुपार कलली. माझा ताप उतरायचा होता, तिचे पाय सुजले होते. तो दिवस तिथंच गेला.

नागपुरात मोर्चे अडवतात त्या जागी पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं. एक पोलीस म्हणाला, "मावशी, अधिवेशन कालच दुपारी संपलं."

"मंग हा अर्ज?"

"टपालानं पाठवा."

मावशी रस्त्याच्या कडेला बसली. बोटांमधले कापसाचे ओले बोळे एकेक काढून पिशवीत ठेवले. मला रडू फुटलं. मी मावशीला त्या टेम्पोत चढवलं नसतं तर एक दिवस आधी पोचलो असतो. मी तसं बोललेही. ती म्हणाली, "रडू नको वं. पुढल्या साली एक दिस आधी निघू."

पुढली साल तिला मिळाली नाही. भर पावसाळ्यात गेली, आणि नाल्याला पाणी होतं म्हणून तिच्या सख्ख्या बहिणीला मातीला येता आलं नाही. ती पलीकडच्या काठावर उभी राहून रडत होती, इथपर्यंत ऐकू येत होतं.

त्या हिवाळ्यात अर्ज घेऊन मी एकटीच गेले. एसटीनं. पायी जायची माझी छाती झाली नाही, खोटं कशाला बोलू? अर्ज दिला, शिक्का मिळाला. पूल आजही नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही. पण घरून मी एक दिवस आधी निघाले होते. वर्धा सोडल्यावर भुरभुर पाऊस लागला, आणि सेलूच्या दहा किलोमीटर अलीकडे मी उठून बस थांबवायला सांगितली.

"बाई, इथं ना गाव ना घर," कंडक्टर म्हणाला. "कायले उतरता?"

"माहं चालणं राह्यलं आहे इथलं," मी म्हणाले, आणि पिशवी छातीशी धरून खाली उतरले.