हरणाची बाटली

माझा मामा शिंपी. दारूचा थेंब त्याने कधी जिभेला लावला नाही, पण घरात दोन कपाटं भरून व्हिस्कीच्या जुन्या, रिकाम्या बाटल्या! काचेवर हाताने मीनाकारी केलेल्या, फुलांच्या, पाखरांच्या. मामी त्यांना सवती म्हणायची आणि पुसताना एकेकीचा उद्धार करायची.

नवी बाटली आली की मामा डोळे मिटून चित्रावरून बोट फिरवायचा. जुनी मीनाकारी बोटाला उंच लागते. नकलेवरचं चित्र नुसतं छापलेलं, गुळगुळीत. हे त्याने मामीला शंभरदा सांगितलं असेल, पण सवतींचं कौतुक ऐकतंय कोण!

परवा पुसताना मामीच्या हातून त्याची सर्वांत लाडकी, हरणाची बाटली फुटली. मामा दुकानात होता. मामीने गुपचूप काचा भरल्या आणि दुखरे गुडघे घेऊन अख्खा जुना बाजार पालथा घातला. तसंच हरीण शोधून आणून कपाटात ठेवलं आणि मला दम भरला, "तोंडातून अक्षर काढलंस तर बघ!"

संध्याकाळी मामाने बाटली उचलली, हरणावरून बोट फिरवलं आणि थबकला. मामी दारात श्वास रोखून उभी.

"चकाचक पुसलीस हं आज," एवढंच म्हणून त्याने बाटली जागेवर ठेवली.

मामी आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, नकली आहे ना ती?"

"नकली?" तो खवळलाच. "अरे, बाकीच्या सगळ्या माझ्या मीच आणल्यात. माझ्यासाठी कुणी आणलेली ही एकच."